रक्तातली अमानत

मराठीत आपण ज्याला अर्धशिशी म्हणतो, त्याला उर्दूत आधासीसी म्हणतात. युनानी हकिमांच्या दवाखान्यात त्याचेच नाव दर्द-ए-शकीका. शकीका हा मूळ अरबी शब्द, आणि त्याच्या मुळाशी दुभंगण्याचा, एकाचे दोन भाग होण्याचा अर्थ आहे. इब्ने सीनांनी हजार वर्षांपूर्वी ‘अल-कानून’ या ग्रंथात या दुखण्याची चर्चा याच नावाने केली आहे. अरबीत शकीका म्हणजे सख्खी बहीणसुद्धा. एकाच गोष्टीचे दोन वाटे झाले, त्यांतला एक माझा आणि दुसरा बहिणीचा, असा त्यातला भाव. आता लकव्याचे पाहा. मराठीत तो अर्धांगवायू. उर्दूत फालिज, आणि याही शब्दाच्या मुळाशी दुभागणेच आहे.

जुन्या माणसांना मेंदूच्या रक्तवाहिन्या दिसल्या नव्हत्या. अर्धे डोके दुखते आणि अर्धे अंग लुळे पडते, एवढेच त्यांनी पाहिले आणि तशी नावे दिली. पण गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने या दोन ‘अर्ध्यां’मध्ये खरेच काही नाते आहे असे दाखवून दिले आहे. ते नाते काही अंशी रक्तातून, म्हणजे आईबापांकडून मुलांकडे चालत येते. आम्ही डॉक्टर नाही. उर्दू शाळेत विज्ञान शिकवणारे साधे शिक्षक आहोत. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण प्रयोगशाळेतून निघालेला हा प्रश्न शेवटी आपल्या दिवाणखान्यात येऊन बसतो. जे माझ्या रक्तात आहे ते माझ्या बहिणीच्या, भाच्याच्या, उद्याच्या लेकराच्याही रक्तात असू शकते. मग ते सांगायचे की झाकायचे? आणि सांगायचे तर कोणाला?

आधी शास्त्र काय म्हणते ते समजून घेऊ. अर्धशिशीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात नुसते डोके दुखते, मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. दुसऱ्यात डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेघा येतात, नजरेचा एखादा भाग पुसला जातो, कधी हाताला किंवा ओठाला मुंग्या येतात, कधी शब्द सापडत नाही. हे पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते आणि जाते. याला डॉक्टर ‘ऑरा’ म्हणतात. अर्धशिशीच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना तो होतो. १९४४ साली ब्राझीलच्या अरिस्टिडिस लिआओ यांनी सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना पाहिले की मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट संथपणे, मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने सरकते आणि तिच्यामागे मेंदूचे काम थोडा वेळ मंदावते. ऑरामागे हीच लाट असते असे आज मानले जाते. तेव्हा वर्गात एखादी मुलगी म्हणाली, “सर, फळ्यावर रेघा हलतायत,” तर ते तिचे नाटक असेलच असे नाही.

या ऑरा असलेल्या अर्धशिशीत रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या लकव्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून २००९ साली मांडले गेले. दुप्पट म्हटल्यावर छातीत धस्स होते. म्हणून आकडा पुरता पाहायला हवा. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली केलेल्या अंदाजानुसार, २० ते ४४ वयाच्या एक लाख स्त्रियांमध्ये, ज्यांना अर्धशिशी नाही आणि ज्या संप्रेरकांची गर्भनिरोधके घेत नाहीत, अशांपैकी वर्षाला दोन-तीन जणींना असा लकवा होतो. ऑरा असलेल्यांत सुमारे सहा जणींना. लाखातल्या सहा. म्हणजे नव्याण्णव हजार नऊशे चौऱ्याण्णव जणींना काहीही होत नाही. आता पुढचा आकडा पाहा. ऑरा आहे आणि वर संप्रेरकांची गर्भनिरोधकेही चालू आहेत, अशा लाख जणींत तो सुमारे सदतीस. सहाचे सदतीस कशाने झाले? रक्त तेच होते. वाढली ती फक्त एक गोळी, आणि कोणी न विचारलेला, कोणी न सांगितलेला एक प्रश्न. या आकड्यांकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

हे दुखणे घराण्यात चालते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की अर्धशिशी होण्या-न होण्यात अनुवंशाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. इथेही अर्धेच! बाकीचे झोप, उपास, ऊन, पाळी, ताण, आयुष्य. २०२२ साली एक लाखाहून अधिक रुग्णांची जनुके तपासून अर्धशिशीशी संबंधित १२३ जागा माणसाच्या जनुकसंचात सापडल्या. त्यांतल्या अनेक रक्तवाहिन्यांच्या कामाशी निगडित आहेत. २०१५ साली अर्धशिशी आणि लकवा यांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा दोघांत समान धागे मिळाले. अपेक्षा अशी होती की ते ऑरा असलेल्या अर्धशिशीत अधिक मिळतील. मिळाले ते ऑरा नसलेल्या प्रकारात अधिक. रक्ताचा हिशेब आपल्याला वाटतो तितका सरळ नसतो, हा त्यातला धडा.

काही घराण्यांत मात्र हिशेब बराच सरळ आहे. १९७६ साली पॅरिसमध्ये मारी-जर्मेन बूसे या डॉक्टरबाईंकडे पन्नाशीचा एक रुग्ण आला. पुढे त्याच्या मुलांचे, नातेवाइकांचे दुखणे पाहून बूसेबाईंच्या ध्यानात आले की हे एकट्या माणसाचे दुखणे नव्हे. कोणाला तरुणपणी ऑरासह अर्धशिशी, कोणाला चाळिशी-पन्नाशीत पुन्हापुन्हा लकव्याचे झटके, कोणाची स्मृती हळूहळू जाते. १९९३ साली त्याचे मूळ एकोणिसाव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९६ साली ‘नॉच-३’ हे नेमके जनुक सापडले. या आजाराला ‘कॅडासिल’ म्हणतात. आई किंवा बाप यांपैकी एकाकडे हा बदल असला की प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणे उडवावे तशी. या कामासाठी बूसे आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांना २०१९ साली ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. हा आजार विरळा आहे. पुढे जनुकांचे मोठे संग्रह चाळल्यावर असेही दिसले की अशा प्रकारचा बदल दर काही शे माणसांत एकाकडे असतो आणि त्यांतल्या अनेकांना उतारवयापर्यंत काहीच त्रास होत नाही. म्हणजे सरळ वाटलेल्या हिशेबातही माणूस कागदावरच्या निकालाइतका ठरलेला नसतोच.

आता दिवाणखान्यात येऊ. रिश्ता पाहायला पाहुणे आलेले आहेत. नाश्त्याच्या ताटल्या फिरतात, आणि मुलाकडची एखादी खाला हळूच विचारते, “लडकी में कुछ ऐब तो नई ना?” उत्तर ठरलेले असते, “माशाअल्लाह, कधी साधे डोकेही दुखले नाही.” आतल्या खोलीत ज्या मुलीचे महिन्यातून दोनदा डोके फुटायला येते, जी दार-खिडक्या बंद करून ओढणी डोक्याला बांधून पडते, ती हे ऐकत असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. मूठ उघडली तर रिश्ता मोडेल ही भीती खोटी नाही. एका मुलीबद्दल कळले की तिच्या दोन बहिणींचेही दार बंद होते. ज्या आईबापांनी झाकले त्यांना दोष देण्याआधी त्यांचे हे भय समजून घेतले पाहिजे.

पण त्या ‘ऐब’ शब्दाकडे जरा पाहा. ऐब मालात असतो. बाजारात कापड घेताना आपण विचारतो, कुठे विरले तर नाही ना? प्रामाणिक व्यापाऱ्याने मालातला दोष सांगावा हे खरेच. आपल्याकडे लहानपणापासून ते शिकवले जाते. मग मुलीच्या बापानेही तसेच सांगावे का? आम्हाला वाटते, इथे तुलनाच चुकते. मुलगी माल नाही, म्हणून अर्धशिशी ऐब नाही. ती व्यापारी सचोटी म्हणून सांगायची गोष्टही नाही. तरी ती सांगायला हवी, कारण वेगळे आहे. ज्यांनी आता तिच्यासोबत राहायचे, तिच्या औषधपाण्याची, बाळंतपणाची, मुलांची काळजी घ्यायची, त्यांना ती काळजी घेण्यासाठी जे कळायला हवे ते कळले पाहिजे.

इथे त्या सदतीस जणींकडे परत जाऊ. नवी सून सासरी आली. पाळणा लांबवायचा म्हणून तिला कोणी गोळ्यांचे पाकीट आणून दिले. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन गटातले संप्रेरक असते. ज्या स्त्रीला ऑरासह अर्धशिशी आहे तिने, वय काहीही असो, असल्या मिश्र गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सांगते. दुसरे मार्ग आहेत. सरकारी योजनेतली ‘छाया’ ही गोळी संप्रेरकांची नाही. कोणता मार्ग कोणाला योग्य ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण डॉक्टरांना कळले तर ना! ज्या मुलीला लग्नाआधी शिकवले की डोकेदुखीचे नाव काढायचे नाही, ती दवाखान्यात सासूबाईंच्या शेजारी बसून डोळ्यांपुढच्या रेघांविषयी बोलेल? ती मान हलवील आणि पाकीट घेऊन येईल. तिला ऑरामुळे धोका थोडाच होता. तो सहापट केला तो आपल्या शिकवलेल्या गप्पपणाने.

म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची राहत नाही. तिची किंमत कोणीतरी मोजते, आणि मोजणारी बहुधा तीच असते जिला झाकायला सांगितले.

या प्रश्नाची दुसरी बाजू लंडनच्या एका खटल्यात दिसते. आजार वेगळा होता, हंटिंग्टनचा, पण वारसा तसाच, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. एका गृहस्थांना २००९ साली हा आजार निश्चित झाला. त्यांची मुलगी तेव्हा गरोदर होती. डॉक्टरांनी त्यांना विचारले, मुलीला सांगू का? त्यांनी नकार दिला. तिचे बाळंतपण झाल्यावर तिला ही गोष्ट अपघाताने कळली, आणि पुढे तपासणीत तिच्यातही तो बदल निघाला. तिने रुग्णालयावर दावा लावला. २०२० साली न्यायालयाने तिचा दावा फेटाळला, पण एक तत्त्व मान्य केले. अशा प्रसंगी रुग्णाची गुप्तता एका पारड्यात आणि नातलगाला कळण्याची गरज दुसऱ्या पारड्यात ठेवून तोलण्याचे कर्तव्य डॉक्टरांवर असते.

इथे बापाच्या बाजूनेही बोलता येते. माझे दुखणे माझे. मी ते कोणाला सांगायचे हा माझा हक्क. शरीरावर एवढाही हक्क नसेल तर माणसाकडे राहिले काय? परंतु रक्तातून आलेल्या गोष्टीत एक अडचण आहे. ती पूर्णपणे माझी कधीच नसते. मला ती कोणीतरी दिली आणि मी ती न विचारता कोणाला तरी दिलेली असू शकते. जी वस्तू आपल्याकडे आहे पण आपल्या एकट्याची नाही, तिच्यासाठी आपल्या भाषेत एक चांगला शब्द आहे, अमानत. अमानत चौकात मांडायची नसते. ज्याचा तीत वाटा आहे त्याच्यापासून दडवायचीही नसते. म्हणून शेजारी, बिरादरी, मोहल्ला यांना माझ्या घराच्या दुखण्याशी देणेघेणे नाही. भावा-बहिणीला, मुलांना, जोडीदाराला आहे. अरबीने दुखण्याला आणि बहिणीला एकच नाव दिले, त्यातून आपण एवढे तरी घ्यावे.

वाटेकऱ्यालाही एक हक्क असतो, न जाणण्याचा. कॅडासिलसारख्या आजारावर आज मुळातून उपाय नाही. धूम्रपान सोडणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे यांनी फायदा होतो, आणि तो लहानसहान नाही. पण तपासणीच्या कागदावर ‘आहे’ हा एक शब्द वाचून पुढची वीस वर्षे काढणे प्रत्येकाला झेपते असे नाही. म्हणूनच निरोगी माणसाची अशी तपासणी आधी नीट समजावून, त्याच्या राजीखुशीने, आणि तो सज्ञान झाल्यावरच करावी असा संकेत आहे. शिक्षक म्हणून आम्हाला हा संकेत फार मोलाचा वाटतो. दहा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर आपण त्याच्या पन्नाशीचा आजार लिहून ठेवला, तर मधल्या चाळीस वर्षांतले त्याचे काय काय आपण हिरावून घेतले याचा हिशेब कोण देणार? घरात अमुक दुखणे आहे, तू डॉक्टरांना हे सांगत जा, सिगरेटच्या वाटेला जाऊ नको, एवढे सांगायला तपासणी लागत नाही. सांगणे वेगळे आणि निकाल सुनावणे वेगळे.

आपल्याकडे निकाल सुनावण्याची घाई फार. आणि तो बहुतेक वेळा बाईच्या नावावर सुनावला जातो. “तिच्या माहेरचंच आहे ते.” नॉच-३ बापाकडूनही तितकेच येते जितके आईकडून. अर्धशिशी स्त्रियांत पुरुषांच्या दोन-तीन पट आढळते, हे खरे. पण ज्या पुरुषाचे डोके कधी दुखले नाही त्याच्याकडूनही ती मुलीला मिळू शकते. तरी रिश्त्याच्या वेळी मुलाच्या अम्मीला कोणी विचारत नाही की तुमच्या घरात कोणाला तरुणपणी लकवा झाला होता का.

नात्यातल्या लग्नांचा विषय इथे निघतोच. तोही सरळ बोलावा. चुलत-मामे भावंडांची लग्ने आपल्यात होतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींतही आहे. अशा लग्नांमुळे अर्धशिशी होते असे नाही. कॅडासिललाही एकाच बाजूचा बदल पुरतो, त्याला नात्याची गरज नाही. पण त्याचा एक भाऊ आहे, जपानमध्ये प्रथम ओळखला गेलेला ‘कॅरासिल’. तरुणपणी लकव्याचे झटके, पाठदुखी आणि अकाली टक्कल ही त्याची लक्षणे. त्याचे जनुक २००९ साली सापडले. त्याला दोन्ही बाजूंचा बदल लागतो, आणि तो अधिक करून नात्यात लग्न झालेल्यांच्या मुलांत दिसला. म्हणून जिथे असा काही इतिहास आहे तिथे नात्यात लग्न ठरवण्याआधी जनुकतज्ज्ञाला विचारावे. हा रिवाजावरचा हल्ला समजू नये, आणि रिवाजाच्या प्रेमापोटी हे झाकूही नये.

शेवटी ‘चांगल्या रक्ता’ची गोष्ट. आमचे खानदान शुद्ध, आमच्या रक्तात काही नाही, असे छाती पुढे काढून सांगणारे सगळ्याच समाजांत भेटतात. त्यांच्यासाठी सहाव्या गुणसूत्रावरच्या ‘फॅक्टर-वन’ नावाच्या जनुकातली एक जागा सांगण्यासारखी आहे. तिथे एका अक्षराचा फरक असतो. एक अक्षर असेल तर अर्धशिशीचा आणि मानेतली रक्तवाहिनी चिरण्याचा धोका थोडा वाढतो. दुसरे असेल तर तो कमी होतो, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या आक्रसण्याचा धोका वाढतो. आता यांतले चांगले अक्षर कोणते? ज्या घरात कोणाचे डोके दुखत नाही त्या घराने छातीवर हात ठेवून पाहावा. निर्दोष रक्त नावाची वस्तू कोणत्याच घरात नाही. फरक एवढाच की कोणाचे कळले आहे आणि कोणाचे अजून कळलेले नाही.

कोणी म्हणेल, हे सारे तकदीर आहे, बोलून काय होणार? आईबाप आपण निवडले नाहीत, तेव्हा रक्तात काय आले ते तकदीर म्हणा. पण गोळीचे पाकीट तकदीर नाही, सिगरेट तकदीर नाही, आणि आपण एकमेकांपासून धरलेला अबोला तर नाहीच नाही. जे हातात नाही त्याच्या आड जे हातात आहे ते लपवणे म्हणजे तकदीरवर विश्वास नव्हे.

तर सांगावे की झाकावे? आम्हाला वाटते, आपण हा प्रश्न नेहमी चुकीच्या माणसाला विचारतो. मुलीला, तिच्या बापाला, आजाऱ्याला विचारतो की तू खरे का बोलत नाहीस? आधी स्वतःला विचारायला हवे की खरे ऐकल्यावर आपण काय करतो? जिथे ‘डोके दुखते’ या दोन शब्दांनी मंगनी मोडते, तिथे सत्य बोलण्याची जबाबदारी एकट्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीवर टाकणे हा अन्याय आहे. सांगणाऱ्याच्या कर्तव्याआधी ऐकणाऱ्याचे कर्तव्य येते. त्या खालाने ऐबाबद्दल न विचारता एवढेच विचारले, “बेटी, तब्येत कशी असते? आमच्या घरातही हिच्या फुप्पीला अर्धशिशी आहे, सांभाळता येते,” तर आतल्या खोलीतले दार आपोआप उघडेल. आधी आपल्या घरचे सांगावे, मग दुसऱ्याचे विचारावे. अमानत अशीच सुरक्षित राहते, दोन्ही हातांनी धरली की.